दारापाशी काही ठेवण्याआधी

टेप, खडू, सुतळी आणि जुने पेपर एवढं जवळ घ्या. रंगाची शेडकार्डं आणि पडद्यांचे नमुने नंतर. आधी मुख्य दार उघडा. पूर्ण उघडा, जाईल तिथपर्यंत, आणि तसं उघडं ठेवूनच मोजायला बसा. मागच्या फ्लॅटमध्ये आमची सगळी मापं बरोबर होती, पण दार लावून घेतलेली. चपलांचं कपाट देखणं झालं आणि दार मधेच अडायला लागलं.

हिशेब सरळ आहे. मुख्य दार साधारण 3 फुटांचं. बिजागरीच्या बाजूच्या भिंतीला 14 इंच खोल कपाट लावलं की दार काटकोनात उघडतच नाही. आधी हँडल आपटतं, ते 2-3 इंच बाहेर आलेलं असतं आणि मापात कुणी धरत नाही. मग जाण्यायेण्याला जेमतेम दोन फूट उरतात. माणूस तिरका होऊन निघतो, पण 2 फुटी वॉशिंग मशीन आत येताना दार बिजागऱ्यांतून उतरवावं लागतं.

म्हणून सुतळीचं एक टोक बिजागरीखाली फरशीवर धरा, दुसऱ्या टोकाला खडू बांधा आणि दार फिरतं तेवढी कमान आखा. या कमानीत काहीही ठेवायचं नाही. कुंडी नाही, स्टूल नाही, छत्र्यांचं स्टँड नाही. बाहेर जाळीचं दार असेल तर त्याचीही कमान आखा, शेजारच्यांचं दार उघडल्यावर ते कुठे येतं तेही बघा. एवढं झालं की पायपुसणं. नारळाच्या काथ्याचं जाड पायपुसणं सुंदर दिसतं, पण दाराखालची फट अर्धा इंच असेल तर दार त्यावर घासत राहतं. तेव्हा फटही मोजा, दार उघडताना मोजा. तोरणाचा खिळा चौकटीवर वरच्या बाजूला, झेंडूची माळ दाराच्या वाटेत येणार नाही असा.

कपाट कुठे बसवायचं ते ठरलं की त्याच्या मापाचे पेपर फरशीवर चिकटपट्टीने लावा आणि दोन-तीन दिवस घरातल्या सगळ्यांना तसंच वावरू द्या. भाजीच्या पिशव्या घेऊन कुणी आत आलं की पेपरावर पाय पडतो का, ते बघा. पडत असेल तर कपाट तिथे नको, मग ते कितीही आवडलेलं असो. जागा कमी असेल तर पुढे कलणाऱ्या झडपांचं उथळ कपाट घ्या, ते 7-8 इंचांत बसतं. फक्त झडप कलल्यावर समोर किती जागा खाते, तीही त्या कमानीशी ताडून बघा. प्लायवुड बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या ग्रेडचंच मागा. पुण्यात जून ते सप्टेंबर ओल्या चपला घरात येतात आणि बंद कपाटात त्यांना बुरशी लागते, म्हणून झडपांना जाळी किंवा भोकं हवीतच. खाली 4 इंच पाय ठेवा, फरशी पुसता येईल. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावलेली पट्टी, भिंतीपासून पुढे आलेलं असतं, तेवढं मापात धरायला सुताराला बजावून सांगा, नाहीतर कपाटामागे फट राहते. सुताराचा शेवटचा हप्ता दार पूर्ण उघडून बघितल्यावर द्या. त्याच्या समोर उघडा.

कपाट बाहेर पॅसेजमध्ये ठेवू नका. ती आग लागल्यावर पळायची वाट आहे, शेजाऱ्यांनी ठेवलंय म्हणून आपण ठेवायचं कारण नाही. एमसीबीचा, म्हणजे विजेच्या मुख्य बटणांचा डबा बऱ्याच फ्लॅटमध्ये दारापाशीच असतो. तो फ्रेमखाली झाकायचा असेल तर फ्रेम बिजागरीवर लावा, अंधारात हात लगेच पोचला पाहिजे.

आरसा बाजूच्या भिंतीवर, चपलांच्या वर, उजेड परत फेकेल असा. दिवा 3000 केल्विनचा, पिवळसर. दारातला पांढराफटक दिवा दवाखान्यासारखा वाटतो. दिवे बुधवार पेठेत तापकीर गल्लीत, हुक, बिजागऱ्या आणि डोअर स्टॉपर बोहरी आळीत, तांब्याचं एखादं भांडं तांबट आळीत. स्टॉपर मात्र विसरू नका, हँडल भिंतीला आपटून गिलावा निघतो.

आता लहान खोल्या. इथेही तेच आधी: खोलीचं दार, कपाटाची दारं, पलंगाचे ड्रॉवर, सगळं एकाच वेळी उघडून बघा. 10 बाय 10च्या खोलीत पलंगाचा ड्रॉवर 2 फूट बाहेर येतो आणि कपाटाचं दार दीड फूट. दोन्ही एकाच पट्ट्यात उघडत असतील तर सरकती दारं घ्या, मात्र त्यासाठी कपाट थोडं जास्त खोल लागतं, 2 फुटांच्या ऐवजी 26 इंच धरा. किंवा गॅस-पंपाचा उचलणारा पलंग घ्या, गादी वर गेल्यावर पंख्याला लागणार नाही ना तेवढं बघून.

रंग भिंतींना आणि छताला एकच फिकट शेड. पावसाळ्यात रंगकाम नको, पुट्टी नीट वाळत नाही. आधीची ओल गेल्याशिवाय तर अजिबात नको. पडद्याची दांडी छताजवळ, पडदा जमिनीपर्यंत. चार छोट्या फ्रेमांपेक्षा एक मोठी. लिफ्टचं दार, जिन्याचा वळसा, दोन्ही मोजून मगच सोफा मागवा. कुंड्यांखाली ताटल्या. नावाची पाटी, रांगोळीची जागा, बेलचं बटण, बाकीचं सामान लागल्यावर ठरवा.