सोळाव्या वर्षी लायसन्स काढायचंय? आधी हे वाचा

सोळा पूर्ण झाली की लायसन्स मिळतं, पण फक्त बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. आता सांगा, ५० सीसीची गाडी शोरूमला दिसते तरी का? मला तर हा नियमच जुनाट वाटतो, पण आहे तो आहे.

परिवहनच्या सारथी साइटवर फॉर्म भरा, वयाचा पुरावा जोडा आणि आईबाबांची लेखी संमती लागतेच, ती विसरू नका. लर्निंग ६ महिने चालतं, पक्क्यासाठी ३० दिवसांनी अप्लाय करता येतं. तोवर पांढऱ्यावर लाल एल लावा, मागे मित्राला बसवू नका, बसवायचाच तर शिकवणारा लायसन्सवाला.

खरी गोची इथेय, की ५० सीसीचं लायसन्स खिशात ठेवून घरची ११० ची स्कूटर काढली तर ते कामाचं नाही, मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही! बापाला आत टाकणं ठीक, पण पंचविशीपर्यंत बंदी मला जास्तच वाटते.

क्लासला जायचंच असेल तर २५० वॅटपर्यंतची, ताशी २५ किमीवाली ई-स्कूटर बघा, तिला लायसन्स लागत नाही. हेल्मेट मात्र घाला बाबांनो.