कुत्रं फिरवायला माणूस ठेवताय? पैसे नेमके कुठे गळतात ते आधी पाहा

"दादा, महिन्याचे किती?" पुण्यात डॉग वॉकरशी बोलणं बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. तो आकडा सांगतो, थोडी घासाघीस होते आणि "सोमवारपासून या" म्हणून विषय संपतो. आकडा दोघांनी ऐकलेला असतो, पण तो नेमका कशाचा हे कुणीच बोललेलं नसतं. पुढची बहुतेक भांडणं इथेच उगवतात, आणि बहुतेक जास्तीचा खर्चही.

महिना म्हणजे किती फेऱ्या?

समजा, सकाळ-संध्याकाळ मिळून महिन्याचे ₹४,५०० ठरले. तीस दिवस धरले तर ६० फेऱ्या, म्हणजे फेरीला ₹७५. रविवारची सुट्टी गृहीत असेल तर २६ दिवस, ५२ फेऱ्या, फेरीला साधारण ₹८७. त्यात दोन दिवसांचे खाडे झाले आणि भरून दिले नाहीत, तर हातात ४८ फेऱ्या आणि दर ₹९४. दुसरा वॉकर फेरीला ₹९० सांगतो, पण झाल्या तेवढ्याच फेऱ्यांचे पैसे घेतो. ऐकताना तो महाग वाटतो. ४८ फेऱ्यांचे त्याचे ₹४,३२० होतात.

म्हणून पगार महिन्याचा द्या, पण हिशोब फेरीवर ठेवा. पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर चार ओळी टाका:

"सकाळी ७, संध्याकाळी ६:३०. रविवारी सुट्टी. तुमचा खाडा झाला तर फेरी वजा. आम्ही आदल्या रात्री ९ पर्यंत न कळवता नको म्हटलं तर फेरी धरायची. पैसे ५ तारखेला."

हा नियम दोन्हीकडून लागू हवा. लग्नाला म्हणून आठ दिवस गावी गेलात आणि परत आल्यावर "आम्ही नव्हतोच" म्हणून आठ दिवस कापले, तर वॉकर ती वेळ दुसऱ्या कुत्र्याला देतो आणि पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा शोधत बसता. लांबच्या सुट्टीत वेळ राखून ठेवायचे निम्मे पैसे देणं रास्त आहे. दिवाळीचा बोनस द्यायचा की नाही, किती, हेही आधीच बोलून टाकलेलं बरं.

खाडा भरायला बदली माणूस येणार असेल, तर त्याला आधी दोन वेळा नेहमीच्या वॉकरबरोबर येऊ द्या. अनोळखी माणसाने दारात पट्टा हातात घेतला की पुष्कळ कुत्री पलंगाखाली जातात. मग फेरीही बुडते आणि पैसेही जातात.

अर्धा तास कुठून कुठवर?

चौदाव्या मजल्यावरचं घर घ्या. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) चढवायला ३ मिनिटं, सकाळच्या गर्दीत लिफ्टची वाट आणि उतरणं ४, परत येताना तेवढीच ४, पाय पुसून आत सोडायला ३. झाली १४ मिनिटं. 'अर्धा तास' जर बेलपासून बेलपर्यंत मोजला, तर कुत्रं चालतं १६ मिनिटं. वॉकर इथे लबाडी करत नसतो, मोजमापच चुकलेलं असतं.

"गेटच्या बाहेर ३० मिनिटं" असं ठरवा, आणि त्यासाठी तो थोडे जास्त मागत असेल तर द्या. बैठ्या घराला किंवा पेठेतल्या पहिल्या मजल्याला हा हिशोब वेगळा, तिथे बेल ते बेल चालतं.

दर कमी करायचा असेल तर मिनिटं कापू नका, अंतर कापा. वारज्याहून बाणेरला एकाच कुत्र्यासाठी दुचाकीवर येणाऱ्याचं पेट्रोल तुमच्याच दरात असतं. त्याच सोसायटीत आधीच तीन कुत्री फिरवणाऱ्याला चौथं घ्यायला फक्त लिफ्ट चढायची असते. आधी वॉचमनला विचारा, मग सोसायटीच्या ग्रुपवर, ॲप सगळ्यात शेवटी. साडेसहा ते साडेआठ ही सगळ्यांनाच हवी असलेली वेळ. नऊची चालत असेल तर बोलायला जागा मिळते. अर्थात ती सवलत हिवाळ्यापुरती, एप्रिलमध्ये नाही.

पैसे जातात, पण कुत्रं फिरतंय का?

संशय आला तर आधी खुणा बघा. फिरून आल्यावर कुत्रं पाणी पीत नाही, आडवं होत नाही, तासाभरात बाल्कनीत शू करतं. पावसात पंजे कोरडे असतात. रोजचा फोटो त्याच बाकाशेजारी काढलेला असतो. यातली एक खूण एखाद्या दिवशी दिसली तर काही सिद्ध होत नाही. तिन्ही आठवडाभर दिसल्या, तर पार्किंगमध्येच फेरी उरकली जात असावी.

मग सोसायटीच्या गेट ॲपवरच्या किंवा वॉचमनच्या वहीतल्या तीन दिवसांच्या वेळा काढा. त्या वॉकरच्या आत येण्या-जाण्याच्या असतात, कुत्र्याच्या नव्हे, त्यामुळे त्यातून वरची १४ मिनिटं वजा करा. तरीही शंका राहिली तर फेरीपुरतं लाइव्ह लोकेशन मागा. मध्यम चालीच्या कुत्र्याचं हुंगत हुंगत अर्ध्या तासात दीड-दोन किलोमीटर होतं. पंचाहत्तरीचं लॅब्राडोर असेल, म्हणजे माणसाच्या हिशोबाने, तर ५०० मीटरही पुरेत. ते पळवण्यात अर्थ नाही. बोलताना आरोपाने सुरुवात करू नका. "दादा, त्याची शू बाहेर पुरी होत नाहीये, उद्यापासून मागच्या रस्त्याने न्याल का?" एवढ्याने बहुतेकदा काम होतं. नाही झालं तर माणूस बदला, दर कापून तोच ठेवू नका.

उलट खुणाही असतात. फेरीनंतर कुत्रं खोकतं, विशेषतः पॉमेरेनियनसारखं लहान जातीचं, तर गळ्याचा पट्टा ओढला जात असावा. हार्नेस घ्या, खोकला थांबला नाही तर डॉक्टरांकडे न्या. लंगडतंय तर बोटांच्या मधली जागा बघा, काच किंवा गोचीड सापडू शकते.

चार पट्टे एका हातात

"एकदम किती फिरवता?" हा प्रश्न दराच्या आधी विचारायचा. दोन ठीक. तीन, तेही एकमेकांना ओळखणारी असतील तर. चार-पाच पट्टे एका मुठीत घेऊन जाणारा वॉकर स्वस्त पडतो. पण गल्लीतली भटकी कुत्री अंगावर आली की त्याला एकही पट्टा नीट सांभाळता येत नाही. जखमेला टाके घालायच्या एका बिलात अनेक महिन्यांची बचत जाते. दोरी आपोआप गुंडाळणारा लांब पट्टा पुण्याच्या रस्त्यावर नकोच. दुचाकी फुटपाथवरून येते आणि कुत्रं पाच मीटरवर असतं. साधा, दीड मीटरचा, जाड नायलॉनचा पट्टा घ्या आणि कडीची स्प्रिंग महिन्यातून एकदा दाबून बघा. पावसाळ्यात ती गंजून अडकते आणि अर्धवट बसलेली कडी झटक्याने सुटते.

पिल्लासाठी वॉकर नको, सिटर हवा

लसींचे डोस पूर्ण न झालेलं पिल्लू रस्त्यावर न्यायला पैसे मोजणं म्हणजे पार्वो, हा पिल्लांचा जीवघेणा आजार, विकत घेणं. तो विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. शेवटचा डोस साधारण १६ आठवड्यांच्या वयात होतो, त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हाच पाय खाली. तोवर सिटर, म्हणजे दुपारी घरी येऊन खायला घालणारा, शी-शू उरकणारा, वीस मिनिटं खेळवणारा माणूस बघा.

बोर्डिंगचा 'दिवस'

बोर्डिंग, म्हणजे गावी जाताना कुत्रं पैसे देऊन ठेवायची सोय, ही गळतीची सगळ्यात मोठी जागा. शुक्रवारी सकाळी ९ ला सोडलं, सोमवारी रात्री ८ ला आणलं. रात्री मोजणाऱ्याकडे हे ३ होतात. तारखा मोजणाऱ्याकडे ४. चोवीस तास मोजणाऱ्याकडे ३ दिवस ११ तास, म्हणजे बहुतेकदा ४ च. ₹७०० चा दर धरला तर ₹२,१०० आणि ₹२,८००. फोनवर "दिवसाचे सातशे" एवढंच ऐकून ठेवलेलं असतं. सोमवारी सकाळी ९ च्या आत कुणी आणू शकलं, तर चोवीस तासवाल्याकडचा एक दिवस वाचतो.

ने-आणीचे पैसे किलोमीटरवर असतील तर कुठले किलोमीटर तेही विचारा. कोथरूडपासून २२ किलोमीटरवरचं बोर्डिंग असेल तर गाडी रिकामी येते, कुत्र्याला घेऊन जाते, सोडायला येते आणि पुन्हा रिकामी परतते. म्हणजे ४४ नव्हे, ८८ किलोमीटर. इतक्या अंतरात ओळखीचा रिक्षावाला किंवा स्वतःची चक्कर स्वस्त पडते.

बिलात १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला तर वर १५ अक्षर-अंकी क्रमांक शोधा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा तो २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून तपासता येतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल ₹२० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीची सक्ती नसते, आणि नोंदणी नसलेल्याला हा कर घेताच येत नाही. जनावरांच्या दवाखान्यातल्या उपचारसेवेवर जीएसटी नाही. त्यामुळे बोर्डिंगमध्ये असताना तपासणी झाली असेल तर दवाखान्याचं बिल वेगळं मागा.

ॲडव्हान्स बुडतो तो मात्र बहुतेकदा लसीपायी. सोडायच्या आदल्या दिवशी कार्ड काढलं तर बूस्टरची तारीख उलटून गेलेली. लस लगेच टोचली तरी संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात, त्यामुळे चांगलं बोर्डिंग नाही म्हणतं आणि ते बरोबरच आहे. रेबीज, नाइन-इन-वन (अनेक रोगांची एकत्र लस) आणि केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) या तिन्ही लसींच्या तारखा बुकिंगच्या दिवशीच बघा. लसीचं कार्ड न मागणाऱ्याकडे कुत्रं ठेवू नका, कारण शेजारच्या पिंजऱ्यातल्याचं कार्डही त्याने मागितलेलं नसतं. गोचिडीचं औषध आठवडाभर आधी घाला. तिथे सापडल्या तर आंघोळीचे पैसे वेगळे लागतात. कुत्री माजावर यायच्या बेतात असेल तर आधी सांगा. साधारण सहा-आठ महिन्यांनी येणारा तो काळ तीन आठवडे चालतो, आणि पुष्कळ ठिकाणी अशी कुत्री घेत नाहीत किंवा वेगळा दर लावतात.

खाणं घरचं द्या, एकेका जेवणाची पुडी करून. रोजचं २२० ग्रॅम असेल तर चार दिवसांचं ८८० आणि दोन दिवसांचं जास्तीचं, मिळून १,३२० ग्रॅम. अचानक खाणं बदललं की जुलाब लागतात. पुड्यांचा दुसरा फायदा म्हणजे परत आल्यावर उरलेल्या पुड्या मोजल्या की कुत्रं किती वेळा जेवलं नाही ते कळतं.

मांजराला बोर्डिंगपेक्षा घर बरं. सिटरची फेरी रोज हवी, 'दिवसाआड येतो, निम्मे द्या' हा सौदा घेऊ नका. चोवीस तास न जेवलेलं मांजर डॉक्टरांना दाखवावं लागतं. शी-शूच्या ट्रेमध्ये बसून नुसतं कुंथणारा बोका तर त्याच तासाला न्यावा लागतो. दिवसाआड येणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

ऊन, पाऊस, फटाके

मार्चमध्ये ठरलेली संध्याकाळी साडेपाचची वेळ मे महिन्यात चालत नाही. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर पंजे भाजतील. उन्हाळ्यात सकाळी ७ च्या आत आणि संध्याकाळी ७ नंतर, असं करारातच घाला. पग, बुलडॉग असेल तर त्यातही अर्धी फेरी. जोराची धाप, गडद लाल हिरड्या, झोकांड्या दिसल्या तर नळाचं पाणी अंगावर ओतायचं, वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. हे वॉकरला तोंडी नव्हे, मेसेजमध्ये लिहून द्या.

पावसाळ्यात "पाऊस होता" ही फेरी कुणाच्या खात्यात? रिमझिम असेल तर नेहमीसारखी फेरी. मुसळधार असेल तर शी-शू पुरतं दहा मिनिटं आणि उरलेला वेळ पाय, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला. साचलेल्या पाण्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा) धोका असतो, तिथून नेऊ नये. दिवाळीत संध्याकाळची फेरी अंधाराआधी, आणि गळ्याचा पट्टा व हार्नेस दोन्ही एकत्र अडकवून. फटाक्याने बिथरलेलं कुत्रं मागे सरकत एकातून डोकं काढतं, दोन्हीतून सहसा सुटत नाही. दिवाळीत आणि १५ ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्ट्यांत बोर्डिंगवाले किमान रात्रींची अट घालतात. दोनच रात्रींची गरज असेल तर घरी झोपायला येणारा सिटर स्वस्त पडू शकतो.

चावलं तर कुणाचं बिल?

हे आधी ठरवायचं, रस्त्यावर नाही. पट्टा वॉकरच्या हातात असला तरी मालक सहज सुटत नाही. जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, ₹५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. महापालिकेकडची कुत्र्याची नोंदणी आणि रेबीजचा दाखला वॉकरच्या फोनमध्येही असू द्या. माणसाला चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, कुत्र्याला लस असली तरीही. तुमच्या कुत्र्याला भटकं चावलं तरी दवाखाना त्याच दिवशी. लसीकरण झालेल्यालाही पुन्हा डोस लागतो.

सिटरसाठी एक मेसेज पुरतो: "आमचा फोन लागला नाही तर ₹५,००० पर्यंतच्या उपचाराला परवानगी आहे, दवाखाना अमुक, पैसे आम्ही यूपीआयने लगेच पाठवू." हे नसेल तर सिटर फोन लागायची वाट बघत बसतो, आणि दुपारी साध्या तपासणीत भागलं असतं ते रात्री जादा दराने होतं.

किल्ली देताना एकच द्या. काम सुटलं त्याच दिवशी किल्ली परत घ्या, गेट ॲपमधून नाव काढा, आणि उचल दिली असेल तर ती शेवटच्या फेऱ्यांत वळती करून हिशोबाचा मेसेज पाठवा.