गाडी धडकली तर काय करायचं, आणि धडकूच नये म्हणून काय

पहिली गोष्ट, पळून जाऊ नका. लोक जमतात, भीती वाटते, समजतं, पण मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 134 नुसार जखमीला दवाखान्यात न्यायची जबाबदारी ड्रायव्हरचीच आहे. जमाव अंगावरच येत असेल तर सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा, नाहीतर 24 तासांच्या आत तरी कळवाच. 108 ला फोन लावा अँब्युलन्ससाठी, 112 ला पोलिसांसाठी. मदत करणाऱ्या तिसऱ्या माणसाला पोलीस बळजबरीनं साक्षीदार करू शकत नाहीत, त्यामुळं बघत उभं राहू नका रे, उचला जखमीला.

मग गाड्या हलवायच्या आधी फोटो काढा, नंबर प्लेट, टायरच्या खुणा, रस्ता, सगळं. इन्शुरन्स कंपनीला लगेच सांगा. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात 6 महिन्यांच्या आत टाकावा लागतो, हे खेड्यात कुणी सांगतच नाही आणि गरिबाचा हक्क बुडतो.

आता आपल्याकडचं. बीड, लातूर, धाराशिवकडं कारखाने सुरू झाले की रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, बंद पडली की तशीच उभी. ट्रॉलीवाल्यांनो, लाल रिफ्लेक्टर पट्टी फार महाग नसते, लावा ना. आणि कारवाल्यांनी अंधारात तेवढाच स्पीड ठेवायचा की हेडलाईटच्या उजेडात गाडी थांबली पाहिजे, समोरून फुल लाईट आली की आधी पाय ब्रेकवर.

पोराला गाडीची चावी देऊ नका. 18 च्या आतल्यानं अपघात केला तर पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.