जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स, दोन्ही कसं बसवायचं

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी केळीच्या व्यापाऱ्याचा किंवा जिनिंगचा हिशेब त्याच मशीनवर अडकलेला असतो. अशा वेळी विंडोज हिशेबापुरतं ठेवावं, नेट लावूच नये. मेल, बँक, ऑनलाइन फॉर्म लिनक्समधून, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टममधून, करावेत. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या.

आधी डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि दोन-चार फाइली उघडून बघा. मग कॅबिनेट उघडा. जिनिंगजवळच्या मशीनमध्ये हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांवर, कापसाच्या तंतूंचा थर बसतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरा. तो गरगरला तर बेअरिंग जातं.

विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. तो चालू राहिला तर विंडोज पूर्ण बंदच होत नाही आणि लिनक्सला ती ड्राइव्ह लिहिण्यासाठी उघडता येत नाही. मग डिस्क मॅनेजमेंटमधून 'श्रिंक व्हॉल्यूम' करून ५० जीबी मोकळे करा. हे काम विंडोजमधूनच करा, आणि यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय करू नका. मध्येच लाइट गेली तर पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) अर्धवट राहून डेटा जाऊ शकतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे हे काम सकाळीच उरकावं.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते इथे: जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर चारच प्रायमरी (मुख्य) पार्टिशन चालतात. चारही आधीच वापरलेली असली तर मोकळी केलेली जागा लिनक्सचा इन्स्टॉलर 'अनयूझेबल' दाखवतो. डी ड्राइव्हचा डेटा बाहेर काढून ती डिलीट करा आणि त्या जागेत एक्सटेंडेड पार्टिशन करा, त्याच्या आत आणखी पार्टिशन करता येतात. विंडोजच्या रिकव्हरी पार्टिशनला हात लावू नका.

विंडोजच्या 'सिस्टम इन्फर्मेशन'मध्ये बायोस मोड, म्हणजे मशीन सुरू होण्याची पद्धत, बघा. लेगसी (जुनी पद्धत) असेल तर लिनक्सच्या इन्स्टॉलरचा पेनड्राइव्हही लेगसीतच बूट करा, यूईएफआय (नवी पद्धत) असेल तर यूईएफआयमध्ये. इथे गफलत झाली तर ग्रबच्या, म्हणजे सुरू होताना विंडोज की लिनक्स हे विचारणाऱ्या, मेन्यूत विंडोज दिसत नाही. इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' चुकूनही निवडू नका.

नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल, कारण लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला लावली की ते जुळतं. तारीखच मागच्या सालातली दिसली, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.