वारीतील पांढरे पोशाख टिपताना
समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक धरून चालतो. त्यामुळे पांढऱ्या टोप्या-सदऱ्यांनी चौकट भरली की तो प्रकाश कमी करतो, कपडे मळकट दिसतात आणि उन्हाने रापलेले चेहरे तर पार काळवंडतात. अशा वेळी ॲपर्चर प्रायॉरिटीवर (भिंगाचे छिद्र आपण ठरवायचे आणि शटरचा वेग कॅमेऱ्याने, ही पद्धत) एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय) +२/३ ते +१ ठेवावे आणि हिस्टोग्राम (चित्रातील काळोख-उजेडाची वाटणी दाखवणारा आलेख) उजव्या, म्हणजे उजेडाच्या, कडेला चिकटत नाही ना, हे पाहावे, कारण टोपीच्या चुण्या एकदा पांढऱ्यात विरल्या की परत मिळत नाहीत. चालत्या दिंडीसाठी शटर १/२५० सेकंदाहून संथ नसावे. ढगाळ हवेत आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ८०० झाला तरी बिघडत नाही, हललेल्या चेहऱ्यापेक्षा थोडी रवाळ प्रतिमा परवडली. वारकरी चालला आहे त्या दिशेला चौकटीत मोकळी जागा सोडावी.