सीएसएस शिकायला घरचंच एक पान घ्या

सीएसएस म्हणजे वेबपानाचं रूप आणि मांडणी ठरवणारी भाषा. मी ती शिकले आईच्या दिवाळी फराळाच्या दरपत्रकावर. चकली, अनारसे, करंजी, शेव आणि समोर भाव. सुरुवातीला एवढं पान पुरतं. आधी ते साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाचा मजकूर आणि रचना लिहायच्या भाषेत, लिहून काढा, मग सीएसएसची वेगळी फाइल करून एचटीएमएलच्या हेड भागात लिंक टॅगने जोडा.

रंग आणि फॉन्ट लगेच जमतात. खरा वेळ बॉक्स मॉडेलला द्या, म्हणजे पानावरच्या प्रत्येक घटकाची चौकट कशी मोजली जाते त्याला. मी चौकटीला रुंदी ३०० पिक्सेल दिली, चारी बाजूंनी २० पिक्सेल पॅडिंग (मजकूर आणि कडेमधली मोकळी जागा) आणि १ पिक्सेलची बॉर्डर (कड). चौकट भरली ३४२ ची! कारण ते ३०० फक्त आतल्या मजकुराचे. दोन्हीकडचं पॅडिंग आणि बॉर्डर त्यावर चढते. बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स दिलं की सगळं ३०० मध्ये बसतं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये आकडे बदलून हे डोळ्यांनी बघा. मूळ फाइलला धक्का लागत नाही.

मराठी मजकुराला लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षराच्या आकाराच्या १.६ पट च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) तर देवनागरीला लावूच नका. शिरोरेखा तुटते, शब्द विस्कटतो, आणि आपली लिपी अशी तुटलेली बघवत नाही.

मग फ्लेक्सबॉक्स, म्हणजे घटक ओळीत मांडायची सीएसएसची पद्धत. प्रत्येक ओळीला डिस्प्ले फ्लेक्स आणि जस्टिफाय-कंटेंट स्पेस-बिटवीन दिलं की पदार्थ डावीकडे, भाव उजवीकडे. अडलं तर एमडीएन ही वेब तंत्रांची माहिती देणारी साइट उघडा. बूटस्ट्रॅपला (तयार सीएसएसच्या संचाला) मात्र महिनाभर हात लावू नका.