संत्र्याच्या सावलीतला निळा

इंटरमिजिएटच्या शासकीय चित्रकला परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली आणि त्याच वर्षी माझं चित्र काढणं सुटलं. पेन्सिल हातात घेतली की पोटात गोळा यायचा. क्लासमध्ये दोन वर्षं एकच चाललं होतं: फळ्यावर काढून दिलेल्या सुरईची हुबेहूब नक्कल. समोर ठेवलेल्या खऱ्या सुरईकडे कुणी बघतच नव्हतं.

परत सुरुवात झाली ती नागपुरात, महाल भागातल्या चितारओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत. गणपतीआधीचे दिवस होते. एक काका मूर्तीचे डोळे रेखत होते. उजवं मनगट डाव्या हातावर टेकवलेलं, श्वास रोखलेला, आणि वरच्या पापणीची अख्खी रेघ एका झटक्यात. मी विचारलं, चुकत नाही का? "पोरी, पयले पाहून घे. पाहिलं नसन तं हात घाई करते."

घरी येऊन एकच संत्रं समोर ठेवलं. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते. देठाशी ती फुगते आणि तिथे उजेड वेगळाच पडतो. सावलीसाठी काळा मिसळला, तर रंग मेला. मग नारिंगीत जरासा निळा घातला आणि फळ कागदावर गोल झालं! रंगचक्रात हे दोन रंग समोरासमोर असतात हे मला पाठ होतं. दिसलं मात्र त्या दिवशी. पुढचे पंधरा दिवस तेच संत्रं काढलं. ते सुकत गेलं, साल आक्रसली, रोज नवं चित्र. इतका आनंद मला ए ग्रेडनेही दिला नव्हता.

नव्याने शिकणाऱ्यांनो, महागडे रंग आत्ताच घेऊ नका. साधी वही, एचबी आणि ४बी पेन्सिल, रोज वीस मिनिटं, एवढं पुरतं. मे महिन्यात दुपारी जलरंगाच्या वाटेला जाऊ नका. पारा ४५ ला टेकला की वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, पसरायच्या आत वाळतो, कडा उमटतात आणि आपल्याला वाटतं, आपलाच हात वाईट. कागद दोन्ही बाजूंनी ओला करून पहाटे फुटाळा तलावावर बसा. दुपार पेन्सिलची.

आणि परीक्षेतलं स्मरणचित्र मनापासून करा. मी सीताबर्डीहून घरी येताना वाटेतला एकच माणूस नीट बघून ठेवते आणि रात्री काढते. परवा रसवंतीवाला काढला. घुंगरू आठवले, उसाची मोळी आठवली, गळ्यातला ओला पंचाही आठवला. पण तो ऊस कोणत्या हाताने सरकवत होता, ते काही केल्या आठवेना. काल मुद्दाम परत गेले, अर्धा ग्लास रस होईतो बघत उभी राहिले.

डाव्या.